धक्क्यापासून विमानापर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी विदुषी पाहुण्या म्हणून येतात आणि आपण त्यांचे विचार ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "या वेळी घरच्याच बाईने बोलायचे, आणि तुम्ही बोलायचे." मी सातवी शिकलेली. लग्न झाल्यापासून चूल, मुले, सासूबाईंची पथ्ये आणि मंडळाची भिशी एवढाच माझा कारभार. तेव्हा माझ्याकडून भारी शब्दांची अपेक्षा धरू नका. हळदीकुंकवाला बसून बोलतो तशी मी बोलणार आहे.

विषय मीच निवडला. मुंबईच्या बंदरात बोटीतून उतरलेल्या माणसाने विमानतळावर, शहरात किंवा आपल्या गावी कसे पोचावे, हा तो विषय. कोणाला वाटेल, "अहो, आपण कर्जत-खालापूरच्या बाया! आपल्याला बोटीचे काय?" पण आपल्याच आळीत मोजून पाहा. कोणाचा मुलगा बोटीवर स्वयंपाकखात्यात आहे, कोणाचे व्याही लग्नाच्या वाढदिवसाला बोटीने गोव्याला जाऊन आले, कोणाची लेक दुबईला आहे. या सगळ्यांना आणायला-पोचवायला कोण जाते? पुरुषमाणसे कामावर असतात. मग आपणच जातो, नाही तर आपण घाबरतो म्हणून कोणीच जात नाही.

माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. बोटीत सुख असते, विमानातही सुख असते. हाल होतात ते या दोहोंच्या मधल्या वाटेत. बोटवाल्याची जबाबदारी शिडी उतरली की संपते आणि विमानवाल्याची सुरू होते ती त्याच्या खिडकीपाशी. मधला तुकडा कोणाचाच नसतो. आणि म्हातारी माणसे, सामान, कडेवरचे मूल हे सगळे त्याच तुकड्यात सांभाळायचे असते. म्हणून हा तुकडा आपण बायांनी नीट समजून घेतला पाहिजे.

खरे पाहता या विषयात आपण कर्जत-खालापूरकर कोणाला हार जाणारे नाही. कारण आपला मुलूखच मुळी मधली वाट म्हणून वसलेला आहे. माझे सासरे रेल्वेत होते. रात्री जेवणे झाली की ते जुन्या गोष्टी सांगत. पुढे आपल्या वाचनालयातील पुस्तकांतून मी त्या ताडून पाहिल्या.

रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस आधी होडीत बसे. खाडीतून पनवेल बंदराला उतरायचे, तेही भरतीचे पाणी असेल तेव्हा. तिथून चौक, खालापूर करीत खोपोलीला यायचे. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आहे आणि काठी महादेवाचे देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वी माणसे आणि बैल दोघेही तिथे पाणी पिऊन दम घेत. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. म्हणजे बंदर आणि शहर यांच्यामधली अवघड वाट होती ती आपल्या दारातली. ओझी वाहणारे, पालखीचे भोई, बैलवाले, खानावळवाले हे सगळे आपलेच पूर्वज.

पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५६ साली ती पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली तिकडे खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. पण मध्ये घाट उभा! पाच वर्षे असे चालले की खोपोलीला गाडीतून उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायची. १८६३ साली घाटातला लोहमार्ग खुला झाला तेव्हा हा खंड भरून निघाला.

भगिनींनो, या घाटाच्या कामात एका बाईचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? सॉलोमन ट्रेडवेल नावाचे इंग्रज ठेकेदार १८५९ साली या कामासाठी बोटीने हिंदुस्थानात आले आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. परका देश, डोंगराचे काम, साथीचे रोग. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने परतीची बोट धरली असती तर कोणी नाव ठेवले नसते. पण तिने तो ठेका आपल्या हाती घेतला, जाणते इंजिनियर नेमले आणि काम तडीस नेले. त्या कामावर हजारो मजूर खपले. त्यांत डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायाही होत्या. कित्येक रोगाने आणि अपघाताने मेले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपण झोपाळलेल्या डोळ्यांनी खंडाळ्याचे बोगदे पार करतो, तेव्हा एवढे तरी आठवावे.

तेव्हापासून कर्जत हे दम घेण्याचे ठिकाण आहे. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला इथे मागून बँकर इंजिने लावतात आणि तेवढ्या वेळात उतारू बटाटेवडा खाऊन घेतात. दुसऱ्यांना पुढे पोचवणे हे आपल्या गावाच्या अंगी मुरलेले आहे. प्रश्न आहे तो आपल्याला स्वतःला पोचता येते की नाही हा.

आता मुंबईच्या बंदराकडे येऊ. इंग्रजांच्या वेळी विलायतेची डाक-बोट बॅलार्ड पियरला लागे. बोटीतून उतरले की तिथल्या तिथे बॅलार्ड पियर मोल नावाचे रेल्वेस्थानक होते. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल तिथून सुटे, आणि १९२८ पासून फ्रंटियर मेलही बोटीच्या उतारूंना तिथूनच घेई. बोटीची शिडी उतरायची आणि आगगाडीची पायरी चढायची, मधली वाट जवळजवळ नाहीच. पण ही सोय मुख्यत्वे साहेबलोकांसाठी होती. आज ते स्थानक राहिलेले नाही. बोटीचे उतारू मात्र पुन्हा वाढले आहेत. बॅलार्ड पियरलाच मोठे नवे क्रूझ टर्मिनल बांधले गेले असून त्याचे उद्‌घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला दहा लाख उतारूंची ये-जा होऊ शकेल अशा बेताने ते बांधले आहे. इतकी माणसे शिडी उतरून पुढे कुठे जाणार? कोणी विमानाला, कोणी रेल्वेला, कोणी हॉटेलात. म्हणजे मधली वाट पुन्हा आलीच.

आता मी तुम्हांला आमच्या घरचा प्रसंग सांगते, म्हणजे माझे बोलणे पुस्तकी वाटणार नाही.

माझ्या थोरल्या वन्सं नागपूरला असतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलाने दोघांना मुंबई-गोवा बोटीची तिकिटे काढून दिली. बेत असा होता की बोट परत आली की आठ दिवस आमच्याकडे कर्जतला राहायचे. लेक नागपूरलाच बाळंतपणासाठी आलेली, तिचे दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. पण बोट गोव्याला असताना फोन आला, की लेकीचा रक्तदाब वाढला आहे आणि डॉक्टरांनी परवा सकाळीच शस्त्रक्रिया ठरवली आहे. आता बोट मुंबईला लागेल त्याच दिवशी दुपारच्या विमानाने निघायला हवे. मुलाने चार वाजून दहा मिनिटांचे विमान पाहून दिले. वन्संचे गुडघे धरलेले, भावजींना कमी दिसते, आणि मुंबईची दोघांनाही माहिती नाही. आमच्या 'ह्यां'ची खोपोलीच्या कारखान्यात पाळी बदलत नव्हती. वन्सं फोनवर म्हणाल्या, "तू येशील का गं? आम्हांला काही सुधरत नाही."

मी "येते" म्हटले खरे, पण एकटीने दादरच्या पुढे मी कधी गेले नव्हते. शेजारच्या काकूंना विचारले. त्या आपल्या मंडळाच्याच सभासद, साठीच्या पण खणखणीत. म्हणाल्या, "चल, दोघी असलो की तिसरी वाट विचारायला लागत नाही." रात्री आम्ही एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: कोणता धक्का, कोणते विमानतळ, आणि किती वाजेपर्यंत पोचायचे.

पहाटेच्या लोकलने निघालो. कर्जतहून शिवाजी टर्मिनस शंभर किलोमीटर, दोन-सव्वादोन तास लागतात. पोचल्यावर लगेच धक्क्याकडे न धावता आधी वाट पाहून ठेवली. भुयारी मेट्रोचे स्थानक कुठे, त्याला खाली न्यायची लिफ्ट कोणत्या बाजूला, तिकीट कुठे काढायचे, हे सगळे आधी फिरून पाहिले. मग दोघी बंदराच्या फाटकाकडे चालत गेलो. दीडेक किलोमीटर अंतर असेल. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून फाटकाबाहेर थांबलो.

बोट आठला लागायची ती साडेदहाला लागली. त्यानंतरही सगळी माणसे एकदम उतरत नाहीत. गटागटाने सोडतात, मग सामान ओळखून घ्यायचे, मग बाहेर. वन्सं फाटकाशी आल्या तेव्हा सव्वाबारा वाजले होते. चेहरा पार उतरलेला. बाहेर उभ्या एका टॅक्सीवाल्याने विमानतळाचे अडीच हजार सांगितले आणि वर "रस्त्यात गर्दी आहे, दोन तास धरा" असे बजावले. भावजी लगेच पाकीट काढायला लागले. काकू म्हणाल्या, "थांबा भावजी. पैसे देऊनही तो वेळेचा भरवसा देत नाही." फाटकावरच्या हवालदाराला आम्ही अडचण सांगितली. त्या भल्या माणसाने एक मीटरवाली काळी-पिवळी थांबवून दिली आणि तिने आम्ही शिवाजी टर्मिनसच्या मेट्रोपाशी आलो. लिफ्ट माहीत होतीच. वन्संना एकही जिना चढावा-उतरावा लागला नाही. गाडीत बसायला जागा मिळाली. जमिनीखालून गेल्यामुळे रस्त्यातल्या गर्दीचा प्रश्नच नव्हता. सुमारे चाळीस मिनिटांत सहार विमानतळाचे स्थानक आले.

दुसरी अडचण सामानाची. बोटीवर सामान नेण्यात हात सैल असतो, पण देशातल्या विमानाला साधारण पंधरा किलोच सामान चालते आणि जास्तीचे पैसे पडतात. म्हणून आदल्या रात्रीच मी वन्संना फोनवर सांगितले होते, "बोटीवरच सामानाचे दोन भाग करा. नागपूरला हवे ते एका पेटीत, बाकीचे दुसऱ्या पिशवीत." ती दुसरी पिशवी, म्हणजे काजू, कोकमाचे आगळ, नातेवाइकांसाठीच्या भेटी, आम्ही कर्जतला घेऊन आलो आणि पुढे सवडीने पाठवली. विमानकंपनीला चाकांच्या खुर्चीची विनंती मुलाने तिकिटाबरोबरच करून ठेवली होती. सव्वादोनला आम्ही दाराशी होतो. तिकीट नसलेल्यांना आत जाता येत नाही, म्हणून तिथेच निरोप घेतला. खुर्चीत बसल्यावर वन्संनी माझा हात धरला आणि त्या काही बोलल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नागपूरला मुलगी झाली. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेण्यापूर्वी लेकीला आईचा हात हातात मिळाला, एवढ्यासाठी ही सगळी धावपळ होती. बाळबाळंतीण सुखरूप आहेत.

भगिनींनो, यात आम्ही दोघींनी काही पराक्रम केला असे मी म्हणत नाही. परंतु परत येताना काकू लोकलमध्ये म्हणाल्या, "इतकी वर्षे आपल्याला कोणी अडवले नव्हते गं. वाट माहीत नव्हती, एवढेच." हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले आहे. म्हणून जी माहिती मला त्या वेळी जमवावी लागली आणि पुढे मी विचारून पक्की केली, ती तुमच्यापुढे मांडते. वहीत टिपून घ्या.

पहिली गोष्ट धक्क्याची. "मुंबईला बोट लागते" एवढ्यावर निघू नका. मुंबईत धक्के अनेक आहेत. एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँची गेटवेला लागतात. रेवस, मोरा आणि गाड्या घेऊन जाणारी मांडव्याची रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते. त्याला जवळची स्थानके मशीद आणि डॉकयार्ड रोड. मोठी प्रवासी बोट लागते ती बॅलार्ड पियरला. तिथे जायला शिवाजी टर्मिनसला उतरावे. या तिन्हींत गल्लत झाली तर तासभर सहज जातो. बोट धरायची असेल तेव्हा तर तिकिटावरची हजर राहण्याची वेळच खरी मानावी. सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी फाटक बंद होते.

दुसरी गोष्ट विमानतळाची. आता आपल्याला एक नव्हे, दोन विमानतळ आहेत. जुना मुंबईचा, त्याचीही टर्मिनले दोन: एक सांताक्रूझचे, दुसरे सहारचे. त्यांत रस्त्याने बरेच अंतर आहे आणि मेट्रोची स्थानकेही निराळी आहेत. दुसरा नवी मुंबईचा, आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात उलव्याला. त्याचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. तिकिटावर 'बीओएम' अशी अक्षरे असली तर मुंबई आणि 'एनएमआय' असली तर नवी मुंबई. ही तीन अक्षरे घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय घरातून पाय काढू नका.

तिसरी गोष्ट वाटेची. बॅलार्ड पियरहून जुन्या विमानतळाला जायचे तर भुयारी मेट्रो चांगली. कफ परेडपासून आरेपर्यंतचा हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. शिवाजी टर्मिनस आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनले त्यावरच आहेत. रात्री उशिरा मात्र मेट्रो बंद असते, तेव्हा टॅक्सीला पर्याय नाही. बॅलार्ड पियरहून नवी मुंबई विमानतळाला जायचे तर शिवडीहून समुद्रावरून जाणारा अटल सेतू आहे. तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, लांबी जवळजवळ बावीस किलोमीटर. त्यावर रिक्षा आणि दुचाकी जाऊ देत नाहीत, मोटारच करावी लागते आणि टोलही पडतो. खर्च जमत नसेल त्याने शिवाजी टर्मिनसहून हार्बरच्या लोकलने पनवेलला यावे आणि तिथून पुढचे वाहन पाहावे. वेळ जास्त लागतो, पैसे वाचतात.

आपल्या कर्जत, खोपोलीहून थेट सहारला जायचे असेल तर शिवाजी टर्मिनसपर्यंत जाण्याचे कारणच नाही. घाटकोपरला उतरावे, तिथून वरून जाणाऱ्या मेट्रोने मरोळ नाक्याला यावे आणि तिथे भुयारी मेट्रोत बदलावे. सहारचे टर्मिनल पुढच्याच स्थानकावर आहे. आम्ही दोघी परत आलो त्या याच वाटेने. मात्र लोकल घाटकोपरला थांबणारी आहे ना, हे आधी विचारून घ्या. आणि नवी मुंबईचे विमान असेल तर आपल्याला मुंबईकडे तोंड करायलाच नको. चौकावरून पनवेल गाठले की झाले.

चौथी गोष्ट वेळेची. बोट सकाळी लागणार असेल तर त्या सकाळचे विमान घेऊ नये. धुके, भरती-ओहोटी, धक्का रिकामा होण्याची वाट, कशानेही बोट दोन-तीन तास मागे पडते. बोट लागल्यावरही बाहेर पडायला तासाहून जास्त लागतो. देशातल्या विमानाची सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि परदेशच्या विमानाला तीन तास आधी जावे लागते. हा सगळा हिशेब उलटा मोजत यावा. स्वयंपाकात आपण तसेच करतो की! बाराला पाने वाढायची तर डाळ कधी शिजायला टाकायची, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच हिशेब इथे लावायचा. आणि जमत असेल तर एक मुक्काम मध्ये ठेवावा. कर्जत काय दूर आहे?

पाचवी गोष्ट सामानाची. वजनाचे मघाशी सांगितलेच. आणखी एक, सुके खोबरे विमानात नेऊ देत नाहीत, कारण त्याला तेलामुळे पेट घेण्याची भीती असते. कोकणातून, गोव्यातून येणारे हटकून खोबरे आणतात आणि तपासणीच्या वेळी ते काढून ठेवावे लागते. बोटीवर पाठवणी करताना नको त्या वस्तू आधीच काढून घ्या.

हे हाल काही आपल्याकडेच आहेत असे समजू नका. जाहिरातीत 'रोमला बोट लागेल' असे छापतात, पण ती लागते चिविटावेक्या नावाच्या बंदराला. तिथून रोम शहर सुमारे ऐंशी किलोमीटर! बंदरातून आधी बसने बाहेर यायचे, मग स्टेशनवर जायचे, मग तासाभराची आगगाडी. आपल्याकडे इमारतवाले कर्जतला 'मुंबईच्या जवळ' म्हणून जाहिरात करतात, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा गावाचे नाव वाचून भुलू नये, मधले अंतर विचारावे. ही सवय नाशिकला जाताना उपयोगी पडते तशी इटलीला जातानाही पडते.

आता शेवटचे आणि माझ्या मते महत्त्वाचे. आपल्या मंडळात भिशीची वही आहे, भांड्यांची वही आहे, लग्नकार्याला सतरंज्या कोणी नेल्या याचीही नोंद आहे. माझी सूचना अशी की यंदापासून एक 'सोबतीची वही' घालावी. कोणत्या भगिनीने कोणती वाट स्वतः पाहिली आहे, बंदराची, विमानतळाची, मोठ्या इस्पितळाची किंवा मंत्रालयाची, आणि कोण सोबत यायला तयार आहे, हे तीत लिहावे. शेजारी राहणाऱ्या पण सभासद नसलेल्या बायांनाही तिचा उपयोग व्हावा. जायचा-यायचा तिकीटखर्च जिचे काम असेल तिने द्यावा, बाकी मोबदला नको. वहीत पहिली दोन नावे काकूंची आणि माझी लिहून घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी चार जणींनी मिळून एकदा तरी अशी एखादी वाट नुसती पाहून यावे. काम नसताना पाहिलेली वाट काम पडल्यावर घाबरवत नाही. पुरुषमाणसे सोबत असली तर आनंदच आहे, पण त्यांची रजा मिळाली नाही म्हणून कोणाची आई लेकीच्या उशाशी पोचायची राहू नये.

आपल्या पूर्वजांनी दोन शतके परक्या माणसांना बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत खांद्यावरून पोचवले. आपल्याला कोणाला खांद्यावर घ्यायचे नाही, फक्त बरोबर चालायचे आहे. माझी ही सूचना सभेने मान्य करावी अशी विनंती करते. चिटणीसबाई, कोरी वही मी येताना घेऊन आले आहे, ती टेबलावर ठेवते.